मोटर मागे की मध्ये? आधी जमीन पाहा

रिमोटवर चालणारी गाडी म्हटलं की आपल्याकडे लहान मुलाचं खेळणं डोळ्यासमोर येतं. वाढदिवसाला आणायचं, दोन दिवसांत मोडायचं आणि माळ्यावर फेकायचं. पण याच गाड्यांच्या रीतसर शर्यती जगभर होतात. मातीवर धावणाऱ्या विजेच्या बगींची जागतिक स्पर्धा १९८५पासून भरते. खऱ्या गाडीच्या एक दशांश आकाराची, साधारण दीड किलो वजनाची ही बगी उड्या घेते, वळणं कापते आणि सेकंदाच्या अंशाने हरते किंवा जिंकते.

आता हा नाद आपल्या वस्त्यांतही शिरला आहे. माझ्या ओळखीतली ही पोरं बहुतेक गॅरेजमध्ये किंवा मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम करतात. सोल्डरिंग त्यांच्या हातात बसलेलं आहे, गिअरचं गणित त्यांना पाठ आहे. त्यांच्यात सध्या एकच वाद रंगतो. दोन चाकांना ताकद देणाऱ्या बगीत मोटर मागे असावी की मध्ये? बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं, ‘मध्ये. जगज्जेते तीच वापरतात.’ माझा आक्षेप या उत्तराला नाही, त्यामागच्या कारणाला आहे.

आधी फरक समजून घेऊ. पहिल्या प्रकारात मोटर मागच्या आसाच्याही मागे बसवलेली असते. दुसऱ्यात तीच मोटर आसाच्या पुढे, गाडीच्या पोटाकडे सरकवलेली असते. अंतर बोटभरच, पण गाडीचा स्वभाव त्याने पार बदलतो.

बैलगाडीत माल चाकांच्या मागे जास्त भरला की गाडी उलाळते. पुढचं टोक वर उचलतं आणि सगळा भार चाकांवर येतो. मागच्या मोटरचं तत्त्व हेच. आसामागचं वजन पुढची चाकं हलकी करतं आणि मागची चाकं जमिनीत दाबतं. ताकद मागच्याच चाकांना मिळत असल्याने भुसभुशीत मातीत, धुळीत, मुरमावर ही गाडी पकड घेते. ट्रिगर दाबला की चाकं जागच्या जागी फिरत न बसता गाडी पुढे सुटते. ब्रेकचंही तसंच. या बगीत ब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो. ब्रेक दाबला की भार पुढे सरकतो. अशा वेळी मागे वजन असेल तर शेपटी जागेवर राहते, नसेल तर ती बाजूला पळते.

मग मधल्या मोटरचा फायदा काय? मोहरमच्या आखाड्यात बनेटी फिरवणारा पाहिला असेल. काठीच्या टोकांना वजन असलं की ती फिरवायला जोर लागतो आणि एकदा फिरली की थांबवायलाही लागतो. तीच वजनं मधोमध, मुठीजवळ आणली तर काठी सहज फिरेल, सहज थांबेल. मधल्या मोटरच्या गाडीचं वजन असं पोटाशी गोळा झालेलं असतं. ती वळणात चटकन फिरते, लगेच सरळ होते. पुढच्या चाकांवर पुरेसा भार असल्याने स्टिअरिंगचं ऐकते. उडीतही साधारण सपाट जाते, मागून लोंबत नाही. उलट मागच्या मोटरच्या गाडीत वळणावर जास्त वेग झाला की ते मागचं वजन लोलकासारखं बाहेर झोकतं.

आता प्रश्न असा, की मधली मोटर इतकी चांगली, तर ती आधीपासून का नव्हती? टीम असोसिएटेडची आरसी१० ही सोनेरी चेसिसची बगी १९८४ साली आली. तिची मोटर मागे होती. त्याच कंपनीची २००३ सालची बी४सुद्धा मागच्याच मोटरची. एवढी वर्षं कुणाला अक्कल नव्हती असं नाही. तेव्हाच्या शर्यती बऱ्याचशा सुट्या मातीवर व्हायच्या. पकड हीच मोठी अडचण होती आणि मागचं वजन हा तिच्यावरचा इलाज होता.

पुढे जमीन बदलली. ब्रिटनमध्ये कृत्रिम गवतावरच्या शर्यती रुजल्या. युरोपात हॉलमध्ये कार्पेट अंथरून ट्रॅक बनू लागले. अमेरिकेत बंदिस्त जागेत दाबून बसवलेली, ओलसर चिकणमाती आली. टायर तिला अक्षरशः चिकटतात. त्याच काळात जड जुन्या सेलऐवजी हलक्या लिथियम बॅटऱ्या आल्या आणि गाडीच्या पोटात जागा मोकळी झाली. पकड फुकट मिळू लागल्यावर मागच्या वजनाची गरज उरली नाही. उलट ते वळणात आड येऊ लागलं. मधली मोटर जिंकली ती या जमिनीवर.

कंपन्यांनी हा बदल नीट ओळखला होता. २०११ची टीएलआर २२ एकाच किटमधून दोन्ही प्रकारे जोडता यायची. टीम असोसिएटेडने पुढे बी५ आणि बी५एम अशा दोन जुळ्या गाड्या काढल्या, पहिली मागच्या मोटरची, दुसरी मधल्या. २०१६मध्ये बी६ मालिका आली तेव्हा मागची मोटर गेली. पण तेव्हाही कंपनीने दोन गाड्या विकल्या, एक कार्पेट-गवतासाठी आणि दुसरी, बी६डी, मातीसाठी. म्हणजे मोटरचा वाद मिटला तरी जमिनीचा प्रश्न शिल्लकच होता. आपली पोरं नेमकी ही दुसरी ओळ वाचत नाहीत.

आता आपल्याकडची जमीन पाहा. ही मुलं धावतात कुठे? शाळेच्या मैदानावर, नव्या लेआउटच्या मोकळ्या प्लॉटवर, गावाबाहेरच्या माळावर. खाली मुरूम, वर बोटभर धूळ, मध्ये खडे. पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात भेगा. अशा ठिकाणी कार्पेटसाठी बांधलेली बगी सोडली की ती पहिल्याच वळणावर गरकन फिरते. मग सुरू होतो इलाज. बॅटरी मागे सरकवा, शिशाचे तुकडे चिकटवा, पितळेचा पार्ट मागवा. थोडक्यात, जे वजन पुढे नेण्यासाठी पैसे मोजले, तेच मागे आणण्यासाठी पुन्हा मोजायचे.

आणि पैसे थोडे नसतात. शर्यतीचं किट म्हणजे नुसता सांगाडा. मोटर, स्पीड कंट्रोलर, बॅटरी, चार्जर, रिमोट आणि बऱ्याचदा टायरसुद्धा वेगळे घ्यावे लागतात. माल बाहेरून येणार, त्यावर कर लागणार. गॅरेजमधल्या पोराचा महिन्याचा पगार यात सहज जातो. गाडी सरळ धावत नाही म्हणून तो निराश होतो, घरचे ‘शौक अमीरांचे’ म्हणून टोमणे मारतात आणि महिनाभरात गाडी अर्ध्या किमतीत विकायला निघते. हात चांगला असलेला, शिकू शकणारा मुलगा बाहेर पडतो. मला याची खंत आहे. सस्पेन्शनचं तेल बदलून, स्प्रिंग बदलून, गिअर मोजून यंत्र कसं वागतं हे स्वतः तपासून पाहण्याची अशी स्वस्तातली शाळा दुसरी नाही. ती चुकीच्या सल्ल्यापायी बंद पडू नये.

यावर एक रास्त मुद्दा मांडला जातो. मागच्या मोटरच्या चांगल्या गाड्या आता जुन्या झाल्या. मोडलेला हात, झिजलेला गिअर मिळणार कुठून? हा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. सुटे भाग मिळत नसतील तर कितीही स्वस्त पडली तरी ती गाडी घेऊ नये. पण म्हणून कार्पेटची गाडी घ्यावी असं त्यातून निघत नाही. मधली मोटर घ्यायचीच असेल तर मातीसाठी बनवलेली घ्या. बॅटरी मागेपुढे सरकवायला जागा आहे का ते पाहा. गिअरबॉक्स तीन गिअरचा आहे की चार गिअरचा, तेही विचारा. चार गिअरच्या रचनेत मोटर चाकांच्याच दिशेने फिरते. त्यामुळे ट्रिगर दाबताच गाडीचं नाक थोडं उचलतं आणि भार मागे जातो. सुट्या मातीत हे उपयोगी पडतं. तीन गिअरमध्ये मोटर उलटी फिरते, गाडी सपाट राहते. चिकट ट्रॅकवर तेच हवं असतं.

तेव्हा माझं मत सरळ आहे. धुळीच्या मैदानावर शिकणाऱ्याला सुटे भाग मिळत असलेली मागच्या मोटरची किंवा दोन्ही प्रकारे जोडता येणारी बगी मिळाली तर ती बिनधास्त घ्यावी. ती शिकणाऱ्याला सांभाळून घेते. ती न मिळाल्यास मातीसाठीची मधल्या मोटरची. कार्पेट किंवा कृत्रिम गवत नियमित मिळत असेल तर मागच्या मोटरचा विचारही नको. आणि कोणतीही घेतली तरी उरलेल्या पैशांत आधी जमिनीला साजेसे टायर घ्या. चुकीच्या टायरवर दोन्ही गाड्या सारख्याच घसरतात.

जगज्जेत्याची गाडी त्याच्या ट्रॅकसाठी तयार झालेली असते. त्याचं पाहून जरूर शिकावं. पण दुकानदाराला फोन लावण्याआधी येत्या रविवारी आपण धावतो त्या मैदानात जा, बुटाच्या टाचेने माती उकरून पाहा. टाच रुतली आणि धूळ उडाली, तर वजन मागे हवं. उत्तर तिथेच मिळेल, तेही फुकट.