बाँब टाकणाऱ्याचा विवेक

रणांगणावरील शौर्य आणि युद्धखोरी या दोन गोष्टी एक नव्हेत. किंबहुना ज्याने युद्ध अंगावर घेतले तो त्याविषयी मोजकेच बोलतो आणि ज्याने ते केवळ नकाशावर पाहिले त्याच्या जिभेला धार चढते, असाच इतिहासाचा दाखला आहे. अमेरिकेचे सिनेटर जॉर्ज मॅकगव्हर्न (१९२२–२०१२) यांचे जीवन या दृष्टीने मननीय आहे.

दक्षिण डाकोटातील एका मेथॉडिस्ट धर्मोपदेशकाचा हा मुलगा बाविसाव्या वर्षी बी-२४ या चार इंजिनांच्या बाँबफेकी विमानाचा वैमानिक म्हणून इटलीतील तळावर दाखल झाला. दहा जणांच्या चमूचे प्राण त्याच्या हाती होते. जर्मनी, ऑस्ट्रिया, चेकोस्लोव्हाकियातील तेलशुद्धीकरण केंद्रे, रेल्वेची आगारे आणि शस्त्रांचे कारखाने ही त्यांची लक्ष्ये. डिसेंबर १९४४ मध्ये एक इंजिन बंद पडलेले आणि दुसरे पेटलेले असताना त्याने ॲड्रियाटिक समुद्रातील व्हिस बेटाच्या तोकड्या धावपट्टीवर विमान उतरवून साथीदारांना वाचविले. शौर्यपदक मिळाले, ३५ मोहिमा पूर्ण झाल्या.

परंतु त्याच्या मनात रुतून बसले ते पदक नव्हे, एक शेतघर. मार्च १९४५ मधील एका मोहिमेत एक बाँब विमानातच अडकून राहिला. चमूने खटपट करून तो सोडविला आणि तो ऑस्ट्रियातील एका शेतघरावर कोसळला. वेळ भर दुपारची. शेतकऱ्याचे कुटुंब जेवायला बसण्याची. तळावर परतताच त्याला स्वतःला कन्या झाल्याची तार मिळाली! पुढे चाळीस वर्षे ते शेतघर त्याच्या मनातून गेले नाही. १९८५ मध्ये ऑस्ट्रियन दूरचित्रवाणीवर त्याने ही आठवण सांगितली, तेव्हा एका शेतकऱ्याने कळविले, की ते घर आपलेच. विमान पाहून सारे आधीच बाहेर पळाले होते आणि त्या बाँबने हिटलरचे युद्ध तासभर जरी लवकर संपले असेल, तरी घर गेल्याचे दुःख नाही.

हे औदार्य त्या शेतकऱ्याचे आहे. बाँबफेकीला मिळालेली ती माफी नव्हे. फॅसिझमविरुद्धचे युद्ध अटळ होते, असे मॅकगव्हर्न अखेरपर्यंत मानीत राहिले. मात्र अटळ म्हणजे निष्कलंक, असे त्यांनी मानले नाही. हा भेद ज्याला कळतो त्यालाच युद्धाविषयी बोलण्याचा नैतिक अधिकार पोचतो.

या भेदाची कसोटी व्हिएतनाममध्ये लागली. १ सप्टेंबर १९७० रोजी सैन्य परत बोलावण्याची त्यांची दुरुस्ती सिनेटने ५५ विरुद्ध ३९ मतांनी फेटाळली. तत्पूर्वी, कोवळ्या पोरांच्या रक्ताला हे सभागृहच जबाबदार आहे, असे त्यांनी सहकाऱ्यांना तोंडावर सुनावले. १९७२ च्या अध्यक्षीय निवडणुकीत त्यांना दुबळे ठरविण्यात आले. आपल्या युद्धसेवेचे भांडवल त्यांनी केले नाही. ते ५० पैकी ४९ राज्यांत हरले आणि विजयी निक्सन यांनी त्याच डिसेंबरात हनोईवर बी-५२ विमाने धाडली.

युद्ध संपताच मॅकगव्हर्न यांच्या तुकडीने त्याच विमानांतून उत्तर इटलीतील भुकेल्यांसाठी अन्न वाहून नेले होते. १९६१ मध्ये ते केनेडींच्या ‘शांततेसाठी अन्न’ योजनेचे प्रमुख झाले. येथे भारतीय वाचकाला पीएल-४८० चा गहू आठवेल. मॅकगव्हर्न यांच्यानंतर, १९६५ ते ६७ च्या दुष्काळात, अध्यक्ष जॉन्सन यांनी तोच गहू हात आखडून, थोडाथोडा सोडला. व्हिएतनामवरील बाँबफेकीला भारताने केलेला विरोध त्यांना खुपत होता. ज्या सत्तेच्या हाती बाँब असतो, तिच्या हातात भाकरीही शस्त्र बनते. चांगल्या माणसाचा विवेक व्यवस्था बदलण्यास पुरेसा नसतो, हे समाजवाद्यांनी विसरता कामा नये.

तरीही तो विवेक हवाच. आज वैमानिक नसलेले विमान हजारो मैलांवरच्या खोलीतून चालविले जाते आणि मारणाऱ्याच्या जिवाला धोका उरलेला नाही. अशा काळात युद्धाचा जयघोष करणाऱ्या प्रत्येकाला, मग तो वॉशिंग्टनचा असो वा दिल्लीचा, एवढेच विचारले पाहिजे: खाली दुपारच्या जेवणाला कोण बसले आहे?