आधी खाद्य सांभाळा, मग जोडी आणा

क्लाउनफिशसारख्या समुद्री शोभेच्या माशांची पिल्लं काढायची, म्हणून जांबोटीकडची मंडळी विचारतात. पहिला प्रश्न ठरलेला: जोडी कितीला? आमचं मत, जोडी सगळ्यात शेवटी घ्या.

पिल्लं मरतात ती बहुतेक उपासमारीने. अंडी घातल्यावर साधारण आठवड्याने, अंधार पडला की ती फुटतात. लगेच तोंडात मावेल असं, हलणारं खाद्य समोर हवं. कोरड्या पुडीकडे ती बघतसुद्धा नाहीत. तिथे रोटिफरच लागतो, पाव मिलिमीटरच्या आसपासचा बारीक जीव. आणि त्याला खायला नॅनोक्लोरोप्सिस शेवाळाचं हिरवं पाणी. नुसत्या यीस्टवर वाढवलेला रोटिफर पोट भरतो, पण पिल्लाला हवी ती चरबी देत नाही.

आर्टेमियाचा डबा आणणं सोपं, म्हणून तोच आधी घेतला जातो. पण त्याचं पिल्लू जवळजवळ अर्धा मिलिमीटर, सुरुवातीला गिळवतच नाही. काही दिवसांनी द्या, तेही ताजं फुटलेलं. शिळं झालं की कस उतरतो. डॅमसेलचं तोंड आणखी लहान, त्याला कोपेपॉडची पिल्लं लागतात. नवख्याने तिकडे वळूच नये.

आपल्याकडे खारं पाणी चोर्ला घाट चढवून आणायचं, भाडं धरा की! पावसात खाडीचं पाणी गोडं होतं ते वेगळंच. तेव्हा दोन महिने नुसता रोटिफर जगवून बघा. वीज गेली, हवेचा पंप बंद पडला तरी टिकला, तर जोडीचं बोलू. मधल्या काळात कारवारच्या सीएमएफआरआय केंद्रात एक चक्कर मारून या.