लोकर गेली, मसूर राहिला

इटलीला जाणारा प्रवासी बहुधा रोम, फ्लोरेन्स आणि व्हेनिस पाहून परततो. रोमच्या पूर्वेस, अब्रुत्सो प्रांताच्या डोंगरांकडे वळणारे विरळाच. तेथे २,९१२ मीटर उंचीच्या कोर्नो ग्रांदे शिखराच्या परिसरात सान्तो स्तेफानो दी सेसानियो हे दगडी घरांचे चिमुकले गाव वसले आहे. आज तेथील लोकवस्ती जेमतेम शंभराच्या आसपास. परंतु गावाच्या वेशीवर मात्र फ्लोरेन्सच्या विख्यात मेदिची घराण्याचे मानचिन्ह कोरलेले आहे.

पेढीच्या व्यवसायातून सत्तेपर्यंत पोहोचलेल्या या घराण्याला अशा आडगावात काय दिसले असेल? उत्तर एका शब्दाचे आहे : लोकर. १५७९ मध्ये मेदिचींनी ही जहागीर विकत घेतली. येथील काळसर, जाडीभरडी लोकर साधूंच्या झग्यांसाठी आणि सैनिकांच्या गणवेशांसाठी वापरली जाई. उन्हाळ्यात काम्पो इम्पेरातोरेच्या विस्तीर्ण पठारावर चरणारे कळप थंडीच्या चाहुलीने दक्षिणेकडील पुलियाच्या मैदानाकडे निघत. लाक्विला ते फोज्जा हा त्यांचा गवताळ मार्ग २४४ किलोमीटर लांबीचा. मेंढपाळांच्या या ऋतुस्थलांतराची युनेस्कोने २०१९ मध्ये सांस्कृतिक वारसा म्हणून नोंद केली.

परंतु एकाच मालावर उभे राहिलेले वैभव त्या मालाबरोबरच ओसरते. एकोणिसाव्या शतकात पुलियाची कुरणे नांगराखाली गेली, कळप घटले आणि लोकरीचा व्यापार मंदावला. कुटुंबे शहरांकडे आणि परदेशी निघून गेली. एकामागून एक घरांना कुलपे लागली.

मागे राहिला तो मसूर. हजार मीटरांहून अधिक उंचीवर, निकस खडकाळ जमिनीत वाढणारा हा तपकिरी दाणा इतका बारीक असतो की शिजवण्यापूर्वी भिजवावाही लागत नाही. वसंतात पेरणी, उन्हाळ्याच्या अखेरीस काढणी. ऑलिव्ह तेल, तमालपत्र, लसूण आणि मीठ एवढ्यावर त्याचे सूप होते. लसूण वगळला तरी दाण्याची मूळ चव उणावत नाही. मात्र हा मेंढपाळांचा मुलूख असल्याने येथील जेवणात मांस सर्रास असते. येथले मेंढीच्या दुधाचे चीजही परंपरेने वासराच्या वा कोकराच्या जठरातील रेनेटने विरजले जाते. शाकाहारी प्रवाशाने त्याविषयी आधी विचारून घेणे इष्ट.

जवळच्या नावेल्ली पठारावर केशर पिकते. शरद ऋतूत पहाटे, पाकळ्या उमलण्यापूर्वी फुले खुडली जातात. एक किलो केशरासाठी सुमारे दीड ते दोन लाख फुले लागतात. मध्ययुगात लाक्विलाचे हे केशर जर्मनीतील न्युरेम्बर्गच्या व्यापाऱ्यांपर्यंत जाई. त्या नगरीत केशराची तपासणी होई आणि भेसळ करणाऱ्यास कठोर शासन मिळे. एवढ्या दूरचा व्यवहार मालाच्या शुद्धतेवरील विश्वासावाचून टिकणे शक्य नव्हते.

विसाव्या शतकाच्या अखेरीस दानिएले किल्ग्रेन हे गृहस्थ या गावी आले आणि त्यांनी येथील ओस घरे विकत घेण्यास आरंभ केला. ती पाडून नव्या इमारती बांधणे सोपे होते. त्यांनी मात्र काजळी धरलेल्या भिंती, जुनी दारे आणि लाकडी तुळया तशाच राखून घरे दुरुस्त केली आणि गावभर विखुरलेले अतिथिगृह उभे केले : स्वागतकक्ष एका घरात, निवासाच्या खोल्या अन्य घरांत.

६ एप्रिल २००९ च्या भीषण भूकंपात लाक्विला परिसरात तीनशेहून अधिक माणसे दगावली. या गावाची ओळख असलेला मध्ययुगीन गोल बुरूजही कोसळला. पुढे तो त्याच जागी पुन्हा उभारण्यात आला.

मेदिचींची पेढी केव्हाच मिटली आणि लोकरीचे कळप विरळ झाले. पण ज्या दाण्यावर कोणाचे वैभव उभे राहिले नाही, तो मसूर आजही त्याच शेतांत पेरला जातो आणि त्याच्या चवीसाठी परगावचे लोक डोंगर चढून येतात.