डोंगरावरचा निकाह : पाहुणे गाळा, साक्षीदार नको

‘इलोपमेंट’ या शब्दाचं मराठी करायला गेलं की आपल्याकडे थेट ‘पळून जाऊन लग्न’ होतं. पश्चिमेकडेही मुळात तोच अर्थ होता. १७५३ च्या कायद्याने इंग्लंडमधल्या लग्नांवर कडक बंधनं आली, तेव्हा तिथली जोडपी सरहद्द ओलांडून स्कॉटलंडमधल्या ग्रेटना ग्रीन गावात पळत. आज मात्र ‘ॲडव्हेंचर इलोपमेंट’मध्ये पळणं राहिलेलं नाही. घरच्यांना बहुधा सगळं ठाऊक असतं. फक्त चारशे पाहुण्यांच्या जागी एखादा कडा असतो, दोघं असतात आणि एक फोटोग्राफर असतो. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात तर जोडपं परवान्यावर स्वतःच सही करून लग्न लावू शकतं. धर्मगुरू लागत नाही, साक्षीदारही लागत नाहीत.

हे व्हिडिओ आपल्या मुलामुलींच्या मोबाईलवरही येतात. ‘आम्हालाही असंच करायचंय’ असं कुणी म्हटलं की घरातली मोठी माणसं कपाळाला हात लावतात. माझं मत त्यांच्यापेक्षा थोडं वेगळं आहे. डोंगरावर, दहा माणसांत निकाह करण्यात मला काहीही गैर वाटत नाही. उलट हॉल, मंडप, पाचशे ताटं आणि त्यासाठी काढलेलं कर्ज यापेक्षा तो निकाहच्या मूळ रूपाच्या जास्त जवळ आहे. निकाहला मशीद लागत नाही, हॉल तर नाहीच. अब्दुर्रहमान बिन औफ यांच्यासारख्या मोठ्या सहाबींनी मदिन्यात लग्न केलं आणि ते पैगंबरसाहेबांना नंतर कळलं, त्यांच्या कपड्यांवरचा केशरी रंग पाहून. ‘मला का नाही बोलावलं’ असं ते म्हणाले नाहीत. बरकतीची दुआ दिली आणि एक बकरी का होईना, पण वलीमा कर, असं सांगितलं. खैबरहून परतताना खुद्द पैगंबरसाहेबांचा वलीमा प्रवासातच झाला. दस्तरखानावर खजूर, पनीर आणि तूप होतं.

तेव्हा प्रश्न डोंगराचा नाही. ‘आम्ही दोघंच’ या दोन शब्दांचा आहे. ते आपल्याला लागू होत नाहीत. पाहुणे कितीही गाळा, साक्षीदार गाळता येत नाहीत. म्हणून बुकिंगची सुरुवात रिसॉर्टपासून करू नका, माणसांपासून करा.

पहिलं माणूस म्हणजे वली. इथे मजहबचा फरक लक्षात घ्यावा लागतो. देशावरचे बहुतेक मुसलमान हनफी आहेत. हनफी मतानुसार सज्ञान मुलगी स्वतःचा निकाह स्वतः करू शकते. आपले कोकणी मुसलमान बहुतांशी शाफई. त्यांच्यात वलीशिवाय मुलीचा निकाह होत नाही. म्हणजे दापोलीच्या मुलीला डोंगरावर निकाह करायचा असेल तर अब्बांनाही तिथे यावं लागेल किंवा त्यांनी कुणाला तरी वकील नेमावं लागेल. जागा निवडताना अब्बांच्या गुडघ्यांचा विचार आधी करा, सूर्योदयाचा नंतर.

दुसरे साक्षीदार. हनफींमध्ये दोन पुरुष किंवा एक पुरुष आणि दोन स्त्रिया चालतात, शाफईंमध्ये दोन्ही पुरुष लागतात. माझा सल्ला तिघांचा आहे, कारण महाराष्ट्रात विवाह नोंदणीच्या अर्जावर तीन साक्षीदारांच्या सह्या घेतात. हे तिघं वाटेत भेटलेले ट्रेकर नसावेत. उद्या काही वाद झाला तर फोन उचलतील, बोलावलं तर येतील, अशी माणसं हवीत.

तिसरे काझीसाहेब. १८८० चा काझी कायदाही काझीची हजेरी सक्तीची करत नाही. तरीही त्यांना न्या, कारण त्यांच्याकडे रजिस्टर असतं आणि निकाहनामा त्यांच्या शिक्क्याचा मिळतो. बऱ्याच ठिकाणी ते दोन्हीकडच्या जमातीचं पत्र मागतात. ते आणायला वेळ लागतो. तारखेच्या आधी महिनाभर त्यांना भेटा आणि त्यांच्या येण्याजाण्याची गाडी तुम्हीच ठरवा.

चौथी गोष्ट मेहर. रक्कम किती, तिथल्या तिथे किती, नंतर किती, हे घरी बसून ठरवा आणि निकाहनाम्यात अंकी व अक्षरी लिहा. फोटोग्राफरला आगाऊ रक्कम पाठवणाऱ्या नवऱ्याने मेहर उधार ठेवावी, हे मला पटत नाही. ज्या पैशांत चारशे ताटं वाचली, त्यातूनच ती रोख देता येते.

आता जागा. गड-किल्ले टाळा. बरेच गड संरक्षित स्मारकं आहेत आणि लोकांच्या भावनाही त्यांच्याशी जोडलेल्या आहेत. २०१९ मध्ये गड हॉटेलं आणि लग्नसमारंभांसाठी देणार अशी बातमी आली, तेव्हा महाराष्ट्रात केवढा संताप उसळला होता ते आठवा. भंडारदरा किंवा तापोळ्याच्या बाजूला खासगी जमिनीवरचं एखादं घरगुती मुक्कामाचं ठिकाण घ्या. मालकाला निकाह आहे हे स्पष्ट सांगा, वुजूचं पाणी आणि नमाजची जागा विचारा, जेवण हलाल हवं तर मटण आपलं न्या. पावसाळा फोटोत सुंदर दिसतो, पण ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. शेरवानी आणि घागऱ्यात ओल्या कातळावर उभं राहू नये. नोव्हेंबर ते जानेवारी उत्तम. सध्या रमजान फेब्रुवारीच्या आसपास येतो आणि दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, तेही पाहून ठेवा. ड्रोन हवाच असेल तर २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे ती जागा हिरव्या क्षेत्रात येते का ते आधी तपासा.

परत आल्यावर नोंदणी. महाराष्ट्राच्या १९९८ च्या कायद्यानुसार ९० दिवसांच्या आत ती करायची असते. निकाहनामा, वयाचे आणि पत्त्याचे पुरावे यांच्या प्रती निघण्याआधीच काढून ठेवा. ज्यांना विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचं आहे, त्यांचा हिशेब वेगळा आहे. तिथे ३० दिवसांची नोटीस लागते आणि पुढे वारसाहक्कही भारतीय वारसा कायद्याप्रमाणे ठरतो. तो निर्णय फिरायला जाण्याच्या घाईत घेण्यासारखा नाही.

एवढं सगळं कशासाठी? कारण लहान निकाह आणि लपवलेला निकाह या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लहान निकाहमध्ये फक्त जेवणारे कमी असतात. लपवलेल्या निकाहमध्ये जाणणारे कमी असतात आणि त्याची किंमत जवळजवळ नेहमी बाई मोजते. उद्या नवऱ्याने हात वर केले तर सुंदर व्हिडिओ तिच्या किती कामाला येईल? तिला शिक्क्याचा कागद लागेल आणि ‘होय, माझ्यासमोर झालं’ म्हणणारी माणसं लागतील. निकाह जाहीर करावा अशी शिकवण आहे, तिच्यात मोठं शहाणपण आहे. म्हणून परतल्यावर पुढच्या जुम्याला मोहल्ल्याच्या मशिदीत सांगा आणि ऐपतीप्रमाणे वलीमा करा. शेजाऱ्यांना खिचडा घातला तरी पुरे.

डोंगरावरच्या निकाहचा एक फायदा मात्र मला हॉलमध्ये दिसत नाही. आपल्याकडे वकील आणि साक्षीदार आतल्या खोलीत जातात, मुलीला विचारतात आणि बाहेर येऊन ‘कबूल है’ सांगतात. तिचा आवाज बाहेर बसलेल्यांनी ऐकलेलाच नसतो. डोंगरावर आतली खोली नसते. सगळे एकाच चटईवर बसतात. काझीसाहेबांनी तिला तिथेच, सगळ्यांसमोर विचारावं आणि तिने घाई न करता उत्तर द्यावं. अब्बांनी, सासऱ्यांनी आणि नवऱ्यानेही ते स्वतःच्या कानांनी ऐकावं. एवढ्यासाठी गाडी घाट चढली तरी पैसे वसूल झाले, असं मी म्हणेन.