उंदरांना बरे वाटले, म्हणून...

गेल्या उन्हाळ्यात नाकाडोंगरीच्या घरी पाण्यासाठी फ्रिज उघडला, तर दह्याच्या गंजाशेजारी बोटभर उंचीची काचेची कुपी दिसली. तळाशी चिमूटभर पांढरी पूड. वर तीन अक्षरे, ‘केपीव्ही’, आणि खाली बारीक टाइपात ‘फक्त संशोधनासाठी, माणसांनी वापरू नये’. ती वापरणारा माणूस समोरच बसला होता. माझा पुतण्या.

त्याला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे. मोठ्या आतड्याला आतून सूज, जखमा, रक्ताचे जुलाब. डॉक्टरांच्या मेसालामिनच्या गोळ्यांवर दोन वर्षे ठीक होता. मोबाइलवर जाहिरात पाहिली, कुपी मागवली आणि गोळ्या सोडल्या. मी रागावलो तर म्हणाला, ‘काकाजी, हे तं आपल्याच आंगात बनते म्हंते, मंग भेव कायचा?’

पंचाईत अशी, की त्याचे म्हणणे सपशेल खोटे नाही. 1955 साली आरन लर्नर आणि तेह ली यांनी डुकरांच्या पीयूषिका ग्रंथींतून त्वचेचा रंग गडद करणारे एक संप्रेरक वेगळे काढले. अल्फा-एमएसएच हे त्याचे नाव. तेरा अमिनो आम्लांची ही छोटी साखळी आपल्याही शरीरात बनते आणि दाहही शमवते. पुढे लक्षात आले, की रंगाचे काम साखळीच्या मधल्या भागाचे, तर दाह शमवण्याचा गुण शेवटच्या तीन दुव्यांतही आहे. लायसिन, प्रोलिन, व्हॅलिन. हेच ते केपीव्ही.

आपण वरणभात खातो तेव्हा डाळीतल्या प्रथिनांचे पचनात असेच दोन-तीन दुव्यांचे तुकडे होतात आणि लहान आतड्यातल्या ‘पेप्ट-वन’ नावाच्या दारातून पेशींत शिरतात. मोठ्या आतड्यात हे दार एरवी जवळपास नसतेच. दाह झाला की उघडते. 2008 साली अमेरिकेतील एमरी विद्यापीठाच्या दिदिए मेर्लँ यांच्या गटाने दाखवले, की केपीव्ही याच दारातून आत जाते आणि दाहाचे निरोप मंदावते. उंदरांची आतडी सुधारली. 2017 साली त्याच गटाने अतिसूक्ष्म कणांत भरून ते उंदरांना तोंडावाटे दिले. तेव्हाही गुण आला. आजारी जागीच उघडणारे दार आणि त्यातून जाणारे औषध, ही कल्पना सुंदरच आहे. मलाही भुरळ पडली, खोटे कशाला सांगू?

पण त्या उंदरांना कोलायटिस झाला होता तो मुद्दाम दिलेल्या रसायनाने, काही दिवसांत. पुतण्याचा आजार वर्षानुवर्षांचा, आपोआप उसळणारा. माणसाला मात्रा किती, किती दिवस, दुष्परिणाम कोणते, हे ठरवणाऱ्या मोठ्या चाचण्या झालेल्या नाहीत. त्वचेच्या दाहाबाबतही पुरावा मुख्यतः पेशी आणि प्राण्यांवरचा. 2023 साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने केपीव्हीला औषधे मिसळून देणाऱ्या दुकानांसाठी धोक्याची शक्यता असलेल्या पदार्थांत टाकले, तेही माणसांवरची माहिती नाही म्हणून. आणि ‘अंगातच बनते’ म्हणाल तर इन्सुलिनही अंगातच बनते. ते कोणी अंदाजाने टोचून घेत नाही.

राग येतो तो विक्रेत्याचा. लेबलावर ‘माणसांनी वापरू नये’ आणि जाहिरातीत पोट धरून हसणारे कुटुंब! आपल्या अन्न व औषध प्रशासनाने लेबल वाचून परत जाऊ नये, जाहिरात वाचावी.

तीन आठवड्यांत रक्त पुन्हा सुरू झाले. पहाटेच तुमसरमार्गे नागपूर गाठले. डॉक्टरांनी कुपी उजेडात धरून पाहिली आणि म्हणाले, ‘यात नेमके काय आहे, हे मी तरी कसे सांगू?’ मग स्टिरॉइड, सलाइन, आणि त्याच जुन्या गोळ्या.

आता तो कामावर जातो. कुपी अजून फ्रिजमध्येच आहे. एवढे पैसे मोजलेत म्हणून वहिनी ती टाकू देत नाहीत.