पेटीतली मोटार आणि पेणची मूर्ती

वडखळ नाक्यावरून गोव्याकडे धावणाऱ्या आलिशान मोटारी पाहून पेण-रोह्याच्या सुशिक्षित मंडळींत दोन मते हटकून ऐकू येतात. परदेशातून सबंध आलेली गाडी तीच अस्सल, हे एक. तीच गाडी आता चाकणला बनते, सबब ती घेणे ही देशसेवाच होय, हे दुसरे. दोन्हींत मूळ प्रश्न बाजूस राहतो.

तो पेणकरांना शिकवावयास नको. जोहे-हमरापूरच्या कारखान्यांत शाडूची माती गुजरातेतून येते, म्हणून मूर्ती गुजराती ठरत नाही. साचा, रंगकाम, डोळ्यांची आखणी सारी येथली. उद्या तयार अवयव खोक्यांतून आले आणि येथे नुसते सांधले गेले, तर त्या मूर्तीला पेणची कोण म्हणेल?

जकात खात्यालाही हा भेद कळतो. महागड्या सबंध मोटारीवरील कर शंभर टक्क्यांहून अधिक ठेवण्यात आला; सुट्या संचावर तीस-पस्तीस टक्के; नुसत्या भागांवर ५ ते १५. याच फरकावरून सप्टेंबर २०२४ मध्ये श्कोडा-फोक्सवागन कंपनीला सुमारे १.४ अब्ज डॉलरच्या मागणीची नोटीस निघाली. गाडीचा संच वेगवेगळ्या खेपांतून आणून ‘भाग’ म्हणून दाखविला, हा आरोप. कंपनीने तो नाकारून उच्च न्यायालयात धाव घेतली. वाद कायद्याचा असला, तरी ‘येथे बनलेली’ हा शब्द किती लवचीक आहे, हे त्यातून उघड झाले.

जनरल मोटर्सने १९२८ पासून मुंबईत शिवडीला मोटारींची जुळणी केली. १९५३ साली सरकारने ठरविले की, निर्मितीचा कार्यक्रम नसलेल्या जुळणीवाल्यांनी आवरते घ्यावे; जनरल मोटर्स व फोर्ड यांनी गाशा गुंडाळला. कुर्ल्याच्या प्रीमियरने मात्र फियाटचे भाग क्रमाक्रमाने येथेच घडविले. ग्राहक वर्षानुवर्षे नंबर लावून तिष्ठत राहिला, हा त्या धोरणाचा दोष कबूल केलाच पाहिजे. परंतु साचे करणारा, ओतकाम जाणणारा कामगारवर्ग त्यातूनच उभा राहिला. पुढे दारे उघडल्यावर जनरल मोटर्स परतली, २००८ मध्ये तळेगावला कारखाना निघाला, आणि डिसेंबर २०२० मध्ये उत्पादन थांबून हजारावर कामगार रस्त्यावर आले.

रोह्याजवळ धाटावच्या वसाहतीतील कंत्राटी कामगाराला या वादाचे हसू येईल. त्याला पाळीच्या वेळेवर पोचविणारी एस.टी. हवी, गाडीचे बोधचिन्ह जर्मन की जपानी, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. मात्र मोटार कारखान्यांना मिळणारा करपरतावा त्याच्याही खिशातून जातो. तेव्हा इंजिन व गिअरपेटी येथे घडते काय, आराखडा कोण करतो, कायम कामगार किती, हे सरकारने करारातच लिहून घ्यावे आणि दरवर्षी जाहीर करावे. महामुंबई सेझच्या वेळी, २१ सप्टेंबर २००८ रोजी, पेण तालुक्यातील २२ गावांत शेतकऱ्यांचा कौल घेणे सरकारला भाग पडले होते. जमिनीचा हिशेब असा मागता येतो, तर करसवलतीचा मागण्यास कामगार संघटनांनी कोणाची वाट पाहावी?