लकव्यानंतरचा हात आणि बेसबॉलची बॅट

गडचिरोलीत माणसं कशानं मरतात, असं पुण्या-मुंबईत कुणाला विचारलं तर मलेरिया, सर्पदंश, फार तर चकमक अशी उत्तरं येतात. ‘सर्च’ संस्थेच्या डॉ. योगेश्वर काळकोंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिल्ह्यातल्या ८६ गावांत दोन वर्षं झालेल्या मृत्यूंची कारणं तपासली. तो अभ्यास २०१५ मध्ये ‘स्ट्रोक’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. पहिल्या क्रमांकावर होता पक्षाघात. दर सात मृत्यूंत एक. रक्तदाब कित्येकांनी जन्मात मोजलेला नसतो, तंबाखू-सुपारीचा खर्रा दिवसभर गालात असतो. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायचं तर ते साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि सिरोंचाहून जिल्ह्याचं ठिकाण दोनशे किलोमीटरच्या वर आहे.

मला मात्र लिहायचं आहे ते लकव्यातून वाचलेल्यांबद्दल. ते कुठल्याच यादीत ठळक दिसत नाहीत. चंद्रपूर-गडचिरोलीच्या कुठल्याही गावात जा, ओसरीवर खाटेवर बसलेला, एक हात मांडीवर ठेवलेला माणूस दिसेल. तो हात त्यानं ठेवलेला नसतो, सुनेनं किंवा मुलीनं उचलून ठेवलेला असतो.

माझे बाबा तसे बसले होते. सिंदेवाही तालुक्यातलं आमचं गाव, धानाची शेती. तरुणपणी बाबांनी बल्लारपूरच्या कागद कारखान्यासाठी बांबू तोडला, नंतर आयुष्यभर बांध्यांत चिखल तुडवला. लकव्यानं उजवी बाजू गेली. दवाखान्यातून सुट्टी मिळाली तेव्हा कागदावर गोळ्यांच्या नावांखाली एक ओळ होती : नियमित फिजिओथेरपी घ्यावी. कुठे घ्यावी, हे त्या ओळीत नव्हतं. जवळचा फिजिओथेरपिस्ट चंद्रपुरात. म्हणजे एसटीनं किंवा गाडी करून जायचं, सोबतच्या माणसाची मजुरी बुडवायची, आणि ज्याचा पाय उचलत नाही त्याला बसच्या पायरीवर चढवायचं. रोवणीच्या दिवसांत हे कुणाला जमणार? गावातून सल्ले मात्र भरपूर आले. कुणी कबुतराचं रक्त चोळायला सांगितलं, कुणी अमुक गावच्या वैदूचं नाव दिलं. मी त्या माणसांवर रागावत नाही. विज्ञानाची वाट जिथे बसभाड्यापाशी अडते, तिथे माणूस दुसरी वाट धरणारच.

डॉक्टरांनी सकाळी फिरायलाही सांगितलं होतं. आमचा भाग ब्रह्मपुरी वनविभागात येतो. इथे ऊन वर आल्याशिवाय धडधाकट माणूस गावाबाहेर पाय टाकत नाही, मग काठी टेकत चालणारा कसा टाकेल? वाघांच्या मुलखात पुनर्वसनाचा विचार घराच्या चार भिंतींपासूनच सुरू करावा लागतो, आणि शहरात छापलेल्या सल्ल्यांच्या पत्रकांत हे कधी नसतं.

अशा वेळी माझा भाचा हैदराबादहून सुट्टीला आला आणि त्यानं आपला जुना ‘वी’ आणला. निन्टेन्डो कंपनीनं २००६ मध्ये बाजारात आणलेलं हे खेळाचं यंत्र. त्यासोबत ‘वी स्पोर्ट्स’ नावाचा खेळसंच यायचा : टेनिस, बेसबॉल, बोलिंग, गोल्फ, बॉक्सिंग. जगभर त्याच्या आठ कोटींहून जास्त प्रती गेल्या. रिमोटसारखी पांढरी दांडी हातात धरायची, ती फिरवली की पडद्यावरचा खेळाडू बॅट फिरवतो. भाच्याला ते बाबांचं मन रमवायला हवं होतं. मी चंद्रपूरच्या फिजिओथेरपिस्ट बाईंना फोनवर त्याचा व्हिडिओ दाखवला. त्यांनी हरकत घेतली नाही, पण अटी घातल्या. हात नसलेल्या खुर्चीत बसवायचं, लुळ्या बाजूला माणूस उभा हवा. दुखरा हात कधीही ओढायचा नाही, कारण लकव्यात खांद्याचा सांधा सैल होतो आणि ओढला की निखळू शकतो. दुखलं की थांबायचं. आणि दांडी दोन्ही हातांनी धरायची.

दोन्ही हातांची ही अट पाळायची तर पाचांतला एकच खेळ सोयीचा होता. बोलिंगमध्ये बटण दाबून धरावं लागतं आणि नेमक्या क्षणी सोडावं लागतं. मिटलेल्या मुठीला ते कसं जमावं? टेनिस एका हाताचा, तो मग चांगलाच हात खेळून घेतो. बेसबॉलची बॅट दोन्ही हातांनी धरतात. उजवी मूठ आईच्या जुन्या लुगड्याच्या मऊ पट्टीनं दांडीला बांधली, तिच्यावर डावा हात ठेवला, म्हणजे चांगला हात लुळ्या हाताला सोबत घेऊन जातो. बॅटिंगला एकही बटण लागत नाही. धावणं, क्षेत्ररक्षण सगळं यंत्र करतं, सामना तीन डावांचा. बॅटिंगच्या पाळीत चेंडू येईपर्यंत वाट पाहायची आणि फिरवायची, एवढंच उरतं. लकव्यानंतरच्या हाताला नेमकं एवढंच काम हवं असतं.

बेसबॉल आमच्या गावात कुणी पाहिलेला नव्हता. शालेय क्रीडा स्पर्धांच्या यादीत तो आहे, शिक्षिका म्हणून मी ते नाव परिपत्रकांत वाचत आले, पण त्याची बॅट आमच्या शाळेत कधी आली नाही. बाबांना समजवायला फार वेळ लागला नाही. चेंडू लवकर मारला तर एका बाजूला वाकडा जातो, उशिरा मारला तर दुसऱ्या. समोरच्या कोनात गेला तरच खरा. ज्याचं बालपण विटी-दांडूत गेलं त्याला हे शिकवावं लागत नाही. पडद्यावरचा गोलंदाज हात फिरवू लागला की बाबा पुटपुटायचे, “येऊ दे त बाबू, येऊ दे.” खोलीत आम्ही तिघं-चौघं, दारात शेजारची पोट्टी. चेंडू हुकला की सगळे हळहळायचे, लागला की ओरडायचे. घरात लकवा शिरल्यापासून तेवढा आवाज आमच्याकडे झाला नव्हता.

हात हलवायला बाबांना आम्ही आधीही सांगतच होतो. “पन्नास वेळा वर करा,” म्हटलं की ते पाच वेळा करायचे आणि भिंतीकडे पाहायचे. पक्षाघातात मेंदूचा एक भाग मेलेला असतो, त्याचं काम शेजारच्या भागांनी शिकावं लागतं, आणि हे शिकणं पुनरावृत्तीनंच होतं. मोजक्या हालचालींनी भागत नाही, दिवसाला शेकडो लागतात. उलट हात वापरलाच नाही तर मेंदू त्याला विसरूनच जातो. भिंतीकडे पाहत शेकडो वेळा हात उचलायची जिद्द फार थोड्यांकडे असते. चेंडू येत असेल तर ती लागतच नाही.

तरीही हे यंत्र प्रत्येक गावात वाटा, अशी मागणी मी करणार नाही. कारण त्याची उणीव मी जवळून पाहिली आहे.

त्या दांडीत वेगातला बदल मोजणारी चिप असते. तिच्यात सिलिकॉनचं एक इवलंसं वजन असतं, दांडी झटकली की ते जागचं सरकतं आणि त्या सरकण्यातून यंत्र फटक्याचा अंदाज घेतं. खांदा उचलला का, कोपर सरळ झालं का, हे त्याला कळत नाही. मनगटाला झटका दिला तरी पडद्यावर चेंडू मैदानाबाहेर जातो. बाबांच्या हे आठवड्याभरातच लक्षात आलं. डाव्या मनगटाची झटक, कमरेतून थोडा झोका, आणि धावा सुरू. उजवा खांदा जागच्या जागी. मग मी त्यांच्या मागे उभी राहून खांद्यावर तळवा ठेवू लागले. स्नायू हलला तर हाताला लागायचा, नाही हलला तर म्हणायचं, “बाबा, हा नाही धरायचा.” कुठे तळवा ठेवायचा, किती थांबवायचं, हे मला फोनवरून त्या बाईंनी शिकवलं होतं.

वैद्यकीय संशोधनही याच दिशेला बोट दाखवतं. टोरांटोच्या डॉ. गुस्ताव्हो सापोस्निक यांनी ‘वी’वर खेळणाऱ्या पक्षाघाताच्या रुग्णांचा अभ्यास केला. २०१० मधली पहिली छोटी चाचणी २२ जणांची होती आणि तिचे निकाल आशा वाढवणारे होते. मग कॅनडा, अर्जेंटिना, पेरू आणि थायलंडमध्ये मिळून १४१ रुग्णांची मोठी चाचणी झाली. एका गटाला नेहमीच्या उपचारांसोबत हा खेळ, दुसऱ्या गटाला पत्ते, बिंगो, ठोकळ्यांचा मनोरा, चेंडू असले साधे खेळ. दोन आठवड्यांत दहा सत्रं, प्रत्येक तासाभराचं. २०१६ मध्ये ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’त निकाल आला : दोन्ही गटांचे हात सुधारले आणि दोघांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही.

हा निकाल वाचून काहींनी व्हिडिओ गेमचं स्वप्न मोडलं असं म्हटलं. मला तो आमच्या दोन जिल्ह्यांसाठी आनंदाचा वाटला. पत्ते आणि ठोकळे जर त्या यंत्राच्या तोडीचे असतील, तर आमच्याकडे कशाची कमी आहे? चिंचोके आहेत, कवड्या आहेत, विटी-दांडू आहे. मोहफूल वेचताना अंगठा आणि तर्जनी जशी जुळतात, तोच व्यायाम बोटांना हवा असतो. तेंदूच्या ७० पानांचं पुडकं बांधणं म्हणजे मोजणं, पकडणं, दोन्ही हात एकत्र आणणं, सगळं एका कामात. हात गेलेल्या माणसाला कामातून उभं करायचं असतं, हे वरोऱ्याजवळच्या आनंदवनानं कितीतरी आधी दाखवून दिलं. कुष्ठरोगानं बोटं झडलेली माणसं तिथे शेती आणि विणकाम करू लागली, तेव्हा कुणी यंत्राची वाट पाहिली नव्हती.

पण त्या चाचणीतला दुसरा अर्धा भाग आपण सोयीनं विसरतो. साध्या खेळांच्या गटातले रुग्ण पत्ते खेळत होते ते पुनर्वसन केंद्रात, नेहमीचे उपचार चालू असताना, प्रशिक्षित माणसाच्या नजरेखाली. ‘घरच्यांनाच शिकवून टाका’ असं म्हणणाऱ्यांसाठी भारतातलीच एक चाचणी आहे. १४ रुग्णालयांतले १,२५० रुग्ण घेऊन कुटुंबीयांना पुनर्वसनाचं प्रशिक्षण देऊन पाहिलं गेलं. २०१७ च्या ‘लॅन्सेट’मध्ये तिचा निकाल आहे : त्यानं रुग्णांच्या परावलंबनात फरक पडला नाही. मला त्याचं आश्चर्य वाटलं नाही. स्वयंपाक, शेती, शाळा, दूध, आजारी माणसाचं अंथरूण, आणि त्यात तासभर खांद्यावर तळवा ठेवून उभं राहणं. हे जिच्या अंगावर पडतं ती बहुतेक वेळा बाईच असते, आणि तिला रोज विचारायला कुणी लागतं.

बाबांचा हात पूर्ण आलेला नाही. उजव्या हातानं ते पेला धरतात, डाव्याचा आधार घेऊन तोंडापर्यंत नेतात. धोतराची गाठ अजून मी मारते. यातलं खेळानं किती दिलं हे मी सांगू शकत नाही, कारण पहिल्या काही महिन्यांत मेंदू आपणहूनही बराच सावरतो. पण त्या महिन्यांत हात कामात राहिला, हे नक्की. आमच्याकडे भाचा होता, जुनं यंत्र होतं, फोन उचलणाऱ्या एक बाई होत्या. भामरागडच्या किंवा कोरचीच्या गावात यातलं काय असतं?

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं २७ वं कलम पुनर्वसनाच्या सेवा उभ्या करण्याची जबाबदारी सरकारवर टाकतं. आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत, असंही त्यात आहे. क्षमता या दोन जिल्ह्यांची पुष्कळ आहे. चंद्रपूरचा कोळसा आणि एटापल्लीच्या सुरजागडचं लोहखनिज इथूनच बाहेर जातं आणि त्याबदल्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठानांकडे पैसा जमा होतो. २०१५ च्या केंद्रीय योजनेनं त्यातला किमान ६० टक्के वाटा पाणी, आरोग्य, शिक्षण, वृद्ध आणि दिव्यांग अशा क्षेत्रांसाठी राखायला सांगितला होता. दवाखान्याच्या इमारतींवरच न थांबता लागणारी माणसंही द्या, असं त्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलेलं आहे. इमारतीचं उद्घाटन होतं, यंत्राला हार घालता येतो, पगाराच्या पत्रकाला हार घालता येत नाही. म्हणून माणसाचं पद मागे राहतं, आणि याच गोष्टीवर आमदारांना, पालकमंत्र्यांना लोकांनी प्रश्न विचारायला हवेत.

माझी मागणी साधी आहे. दोन्ही जिल्ह्यांतल्या प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात एक फिजिओथेरपिस्ट, पूर्ण वेळ. तोवर निदान आठवडी बाजाराच्या दिवशी तरी तो तालुक्याला बसलेला असावा, कारण त्या दिवशी गावातून गाड्या निघतात आणि रुग्णाला घेऊन येणाऱ्याची मजुरी वेगळी बुडत नाही. एक खोली, भिंतीला धरायला दांडा, हात नसलेल्या खुर्च्या, पत्ते, चिंचोके, चेंडू. लकव्याची माणसं तिथे एकेकटी न बसता समोरासमोर बसून खेळतील अशी मांडणी. आशाताईंना हात कसा उचलायचा आणि कसा उचलायचा नाही याचं प्रशिक्षण, म्हणजे बाजाराच्या दोन दिवसांमध्ये कुणीतरी घरी डोकावेल. कुणाला पडद्यावरचा बेसबॉल दान करायचा असेल तर जरूर करावा, त्या खोलीत त्यालाही जागा आहे. पण पहिली सही त्या माणसाच्या नेमणुकीवर व्हावी.